घड्याळ म्हणालं, सगळं ठीक आहे

"हार्ट अटॅक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "येऊन गेलेला नाही. आत्ता चालू आहे."

ईसीजीचा कागद अजून मशीनमधून पुरता बाहेरही आला नव्हता. मी तपासणीच्या पलंगावर आडवी होते. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलं होतं. माझे मिस्टर शेजारी उभे होते. त्यांनी माझा डावा हात उचलला आणि डॉक्टरांपुढं धरला. म्हणाले, "पण मॅडम, घड्याळात तर सगळं हिरवं दावतंय."

डॉक्टरांनी त्या घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही. सिस्टरला म्हणाल्या, "हे काढा आधी. सुई लावायला जागा करा."

दवाखान्यात त्या घड्याळाबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. ते ऐकायला मला हार्ट अटॅक यावा लागला.

घरी सोडताना त्याच डॉक्टर मला म्हणाल्या होत्या, की बायका फार उशिरा येतात, तुमचं काय झालं ते चार बायकांना सांगा. म्हणून लिहितेय. ज्यांच्या मनगटावर पोरांनी प्रेमानं असलं काही बांधलंय, त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

मी शोभा. पडेगावला आमचं घर आहे आणि घरातच माझं डब्यांचं काम. वाळूजच्या कंपन्यांमधली एकटी राहणारी पोरं, काही म्हातारी जोडपी, एक-दोन ऑफिसं, असे डबे जातात. नसरीन माझी भागीदार. ती आमच्याच गल्लीत राहते. तिचा हात पोळ्यांवर, माझा भाज्यांवर आणि भाकरीवर. मिस्टर वाळूजला एका कारखान्यात मशीनवर आहेत. मुलगा निखिल पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो.

गेल्या दिवाळीत निखिलनं मला स्मार्ट वॉच आणलं. म्हणजे मनगटावर बांधायचा कॉम्प्युटर. पावलं मोजतो, नाडी मोजतो, झोप मोजतो, बोट लावलं तर ईसीजी काढतो. आई, तू स्वतःकडं बघत नाहीस, आता हे बघंल, असं तो म्हणाला. पोराचं मन चांगलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे घड्याळ माझ्या साध्या फोनशी जुळेना. घड्याळ एका जातीचं, फोन दुसऱ्या जातीचा, दोघांची सोयरीक होईना. मग त्याच्यासाठी नवा फोन आला. दोन्ही हप्त्यांवर. तेवढ्या पैशात मोठा मिक्सर आणि कणीक मळायचं मशीन आलं असतं, आणि कणीक मळायच्या मशीननं निदान कणीक मळली असती.

एवढ्यावर भागलं नाही. झोपेचा आणि हृदयाचा 'सविस्तर अहवाल' पाहिजे तर दर महिन्याला वेगळे पैसे भरायचे. म्हणजे माझीच झोप, माझंच हृदय, आणि ते मला दाखवायला भाडं. मी नको म्हणाले. मिस्टरांनी गुपचूप भरले.

वापरायला ते कसं आहे, ते सांगते. दुकानात कुणी सांगत नाही.

कणीक मळताना पट्ट्यात पीठ जातं. वाळलं की खरवडून काढावं लागतं. वाफेनं काचेवर धुकं धरतं. पट्ट्याखाली घाम साचून मला गोल चट्टा उठला, त्याला मलम आणावं लागलं. रोज चार्जिंग. झोप मोजायची म्हणून रात्री काढायचं नाही, आणि दिवसा चार्जिंगला लावायचं तर पावलं बुडतात. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. एखाद्या लहान लेकरासारखं त्याचं वेळापत्रक सांभाळायचं, आणि लेकरू निदान मोठं होतं.

मी पहाटेपासून शेगडीपुढं उभी. पायाला गोळे यायची वेळ झाली की ते मनगटावर गुरगुरायचं. इंग्रजीत काहीतरी यायचं. शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं, तर ते म्हणत होतं, बराच वेळ हालचाल नाही, उठा, थोडं चाला. चार मोठ्या डेगा भाजी, पोळ्यांची चळत, आणि हे मला ऊठ म्हणतंय. नसरीन हसून हसून लाटणं ठेवून बसली.

सगळ्यात मोठी करामत भाकरीची. मी भाकरी थापायला लागले की घड्याळाला वाटायचं, बाई पडली. मनगटाला हिसके बसतात ना. मग ते विचारायचं, तुम्ही पडलात का? माझे हात पिठात. मी उत्तर द्यायचे नाही. की लागलीच पुण्याला निखिलला निरोप. मिस्टरांना कारखान्यात मशीनजवळ फोनही नेऊ देत नाहीत आणि घड्याळही घालू देत नाहीत, त्यामुळं त्यांना काही कळायचं नाही. निखिल मात्र मीटिंग सोडून घाबरून फोन करायचा. मी म्हणायचे, बाबा, बाजरीची भाकरी थापतेय. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानं पुण्यातूनच ती सोय बंद करून टाकली. एवढा महागाचा कॉम्प्युटर, आणि त्याला भाकरी थापणं आणि जमिनीवर कोसळणं यातला फरक कळत नाही. कारण तो बनवणाऱ्यांच्या घरात कुणी भाकरी थापत नसणार.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. मिस्टर संध्याकाळी आले की हात-पाय धुऊन फोन घेऊन बसायचे आणि माझे आकडे वाचायचे. किती चालली, किती झोपली, 'ताण' किती. लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली. शोभा, झोप लागली का, असं या माणसानं कधी विचारलं नव्हतं. आता रोज विचारत होते, पण घड्याळाला. मी समोर बसलेली. एकदा मी म्हटलं, काल रात्रभर डोळा लागला नाही. तर फोन बघून म्हणाले, "असं कसं? यात तर झोप चांगली दावतंय." म्हणजे मी खोटी.

उन्हाळा सुरू झाला आणि मला दम लागायला लागला. पापड वाळत घालायला गच्चीवर चढले की दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखायचं. जरा बसलं की थांबायचं. कधी खालचा जबडा दुखायचा, म्हणून मी दाढ दाखवून आले. दाढेत काही निघालं नाही. छातीत मात्र कधीच दुखलं नाही, आणि हार्ट अटॅक म्हटलं की छातीवर हात धरून पडणारा माणूसच माझ्याही डोळ्यांपुढं यायचा.

मिस्टरांना सांगितलं. त्यांनी बोट लावून ईसीजी काढायला सांगितला, फोनवर बघितला आणि म्हणाले, "लई काम करती तू, दुसरं काय नाय." पाठीला लावायला मलम आणून दिलं.

आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, एकदा ईसीजी काढून घेऊ. मिस्टरांनी फोन पुढं केला, "काढलाय साहेब, दहा वेळा काढलाय, सगळे नॉर्मल." दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी फोनकडं नजर टाकली, तरी एकदा मोठ्या मशीनवर काढा असं म्हणाले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ही गोळ्या घेतल्या आणि मोठं मशीन राहून गेलं.

तो दिवस मिस्टरांच्या सुट्टीचा होता. सकाळचे डबे टेम्पोत चढवून दिले आणि मी चहा घेऊन बसले. कप तोंडाला लावला आणि जबडा ठणकायला लागला. मग पाठ. मग पंख्याखाली बसून मला दरदरून घाम फुटला आणि उलटी झाली. उलटी करून आले तर पायात जीव नव्हता. मी मिस्टरांना म्हटलं, काहीतरी वेगळं होतंय, दवाखान्यात चला.

त्यांनी माझं बोट घड्याळाला लावलं.

अर्धा मिनिट बोट हलवायचं नसतं. मी थरथरत होते, म्हणून पहिल्यांदा ते जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. नॉर्मल. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली, ती मी बघितली. सोडा पाजला. थोड्या वेळानं पुन्हा बोट. पुन्हा नॉर्मल. ते त्यांनी निखिलला पाठवलं. निखिलनं ऑफिसमधून बघून कळवलं, चांगला आहे, आईला पडू दे जरा. बाप-लेक फोनवर माझ्या हृदयाबद्दल बोलत होते आणि मी भिंतीला टेकून बसले होते. मला आठवतं, मला त्या वेळी भीती वाटली नाही. संताप आला.

नसरीन रिकामी पातेली न्यायला आली. दारातच थांबली. मिस्टरांनी तिलाही फोन दाखवला, बघ, सगळं ठीक आहे. नसरीननं फोन हातात घेतला नाही. ती म्हणाली, "भाईसाब, घड्याळ नक्को देखो. भाभी का मुँह देखो."

मी उठले. नुसती पर्स घेतली आणि चप्पल पायात सरकवली. "मी चालले," मी म्हटलं. "तुम्ही बसा घड्याळ घेऊन."

नसरीननं मला धरून नाक्यापर्यंत नेलं आणि रिक्षा थांबवली. मिस्टर मागून धावत आले आणि आमच्या शेजारी बसले. छावणीतून शहराकडं जाताना रस्त्यावर गर्दी होती. नसरीन माझा हात चोळत होती. मिस्टर एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा फोनकडं. नसरीननं शेवटी तो फोन त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत टाकला. मला तेवढ्यातही बरं वाटलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मोठ्या दवाखान्यात मला ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली. मग अँजिओग्राफी, म्हणजे हातातल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रंगाचं औषध सोडतात आणि रक्त कुठं अडलंय ते पडद्यावर बघतात. उजवीकडची रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. तिथंच अँजिओप्लास्टी केली. बारीक फुगा फुगवून वाट मोकळी करायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीची नळी बसवायची, तिला स्टेंट म्हणतात. मी जागी होते. वाट मोकळी झाली तसा जबडा दुखायचा थांबला. दिव्याचं बटण बंद करावं, तसा. मी तिथं टेबलावरच रडले.

दुसऱ्या दिवशी इको झाली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन नावाचा आकडा येतो, हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त पुढं ढकलतं त्याचा. तो साठच्या जवळ असावा. माझा पंचेचाळीस भरला. डॉक्टर म्हणाल्या, रक्त न मिळाल्यामुळं स्नायूचा काही भाग गेला. थोडा सुधारेल, पूर्ण नाही.

मिस्टरांनी विचारलं, "लवकर आलो असतो तर?"

डॉक्टरांनी इकोचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. मग सरळ सांगितलं, "तर कमी गेला असता."

मग त्यांनी घड्याळाचंही समजावून सांगितलं, कारण मिस्टरांचा प्रश्न तोच होता. घड्याळाचा ईसीजी हृदयाकडं एकाच बाजूनं बघतो. ठोके तालात पडतात की नाहीत, एवढंच त्याला कळतं. दवाखान्यातला ईसीजी बारा बाजूंनी बघतो. माझं नुकसान हृदयाच्या खालच्या बाजूला होत होतं, ताल शेवटपर्यंत ठीक होता. घड्याळ खोटं बोललं नव्हतं. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं, आम्ही प्रश्नच चुकीचा विचारत होतो. ताल बिघडणाऱ्या आजारात हीच घड्याळं उपयोगी पडतात, तेही त्यांनी सांगितलं. "आणि हार्ट अटॅक यात कळत नाही, हे त्याच्यातच लिहिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "कुणी वाचत नाही."

मिस्टरांनी फोन काढून बघितलं. खरंच लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत. 'सगळं ठीक' मोठं, हिरवं, चित्रासकट, आणि खरी गोष्ट मुंगीएवढी. एवढी अक्कल लावून यंत्र बनवणाऱ्यांना अक्षर मोठं करता येत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आयसीयूत नातेवाइकांना ठरलेल्या वेळीच आत सोडतात. बाकी वेळ मिस्टर बाहेर बाकावर बसून असायचे. नसरीन सांगत होती, तिथंही एक गृहस्थ बोटातली अंगठी दाखवत होते. तीही म्हणे झोप आणि नाडी मोजते, आणि घड्याळापेक्षा भारी पडते. त्यांचे वडील आत व्हेंटिलेटरवर होते. मिस्टर उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले, असं ती म्हणाली.

निखिल पुण्याहून आला. पायाशी बसून रडला. तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात हलवलं, तेव्हा तो जरा सावरला आणि म्हणाला, "आई, याच्या पुढचं मॉडेल आलंय. त्यात बीपीपण कळतं."

या मॉडेलचे हप्ते अजून फिटले नव्हते. त्याला वाटत होतं, आपली चूक एवढीच झाली की कमी भावाचं घेतलं. कॉलेजला एवढा खर्च करून शिकवलेलं पोर.

"निखिल," मी म्हटलं, "मी तुझ्या बापाला मराठीत सांगत होते. माझं दुखतंय, मला न्या. यात कुठलं मॉडेल पायजे होतं?"

मिस्टर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. बाहेर बघतच म्हणाले, "ती सांगत व्हती. मीच ऐकलं नाय."

एवढंच बोलले. माफी मागायची सवय त्यांच्या घराण्यात कुणालाच नाही, तेव्हा मला ते पुरेसं वाटलं. पूर्ण माफ केलं का? खरं सांगायचं तर नाही. पंचेचाळीसचा आकडा माझ्या छातीत आहे, त्यांच्या नाही. जिना चढताना तो मला रोज आठवतो.

ऑपरेशनचा खर्च बहुतेक कंपनीच्या विम्यात बसला. घड्याळाचा कुठल्याच विम्यात बसत नाही. निखिलनं ते परत नेलं आणि कुण्या मित्राला अर्ध्याहून कमी किमतीत दिलं. मी त्याला एवढंच सांगितलं, की त्या मित्राच्या आईला नको देऊ म्हणावं.

आता मी रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घेते. त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, हे ज्यांना स्टेंट बसलाय त्यांनी लक्षात ठेवा. सकाळी मोकळ्या मैदानावर चालते, बोलताना दम लागणार नाही इतकंच. डबे निम्म्यावर आणलेत. जड पातेली उचलायला एक बाई ठेवली आहे. भाकरी मीच थापते, डॉक्टरांची परवानगी काढून.

आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बायकांना सांगते. जबडा, पाठ, दंड, पोटाचा वरचा भाग, यातलं काहीही चढताना दुखलं आणि बसल्यावर थांबलं, तर मोठ्या मशीनवर ईसीजी काढा. घाम, उलटी आणि हातपाय गळून जाणं एकदम आलं, तर कुणाची परवानगी मागू नका. घरातला माणूस मनगटाकडं बघायला लागला, तर त्याला तिथंच बघत बसू द्या आणि तुम्ही रिक्षा धरा.

मागच्या महिन्यात पिशोरहून माझ्या मोठ्या जावेचा फोन आला. त्या शेतातून आल्या होत्या. गळ्याशी आवळल्यासारखं वाटत होतं आणि घाम येत होता. त्यांच्या पोरानं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून आत्ताच सांगितलं म्हणे, काही नाही, नाडी बरोबर आहे. "तुझं ऐकलं व्हतं म्हणून फोन केला," त्या म्हणाल्या, "उगंच कशाला कुणाला तरास."

मी म्हटलं, वहिनी, फोन ठेवा आणि गाडी काढायला लावा. कन्नडला तालुक्याच्या दवाखान्यात जा. आत्ता.

त्या गेल्या. बारा बाजूंचा ईसीजी निघाला, रक्ताची तपासणी झाली, काही तास तिथंच ठेवून पुन्हा एकदा सगळं तपासलं. काही निघालं नाही. पित्त होतं. घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला. आवाज ओशाळलेला. सगळ्यांचा दिवस मोडला, पोराचा कामावर खाडा पडला, गाडीचं भाडं गेलं, आणि निघालं काय तर पित्त.

त्या बोलत होत्या आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. त्यांचं हृदय पूर्ण होतं. सगळाच्या सगळा स्नायू शाबूत.

"लाज वाटती बाई," त्या म्हणाल्या.

"वहिनी," मी म्हटलं, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा जा. दर वेळेला असंच पित्त निघू द्या."